टँजंट आणि वरची मावशी

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इंग्रजी फार सुरेख बोलायच्या. एका शनिवारी शिक्षकांच्या बैठकीत वेळापत्रकाचा विषय चालू होता. मी गणिताची शिक्षिका. दिल्लीत येऊन मला बरीच वर्षं झाली होती, वर्गात माझं हिंदी-इंग्रजी दोन्ही चालायचं, पण बैठकीत बोलायची वेळ आली की मनात आधी वाक्य जुळवून घ्यावं लागे. त्या दिवशी धीर करून बोलले. गणिताचा तास शेवटी नको, सकाळी हवा, हे सांगता सांगता फळ्यांचा रंग उडालाय हे सांगितलं, मग खडू ठिसूळ येतात ते, मग वरच्या मजल्यावरच्या पंख्याचं. तेवढ्यात मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "लेट अस नॉट गो ऑफ ऑन अ टँजंट."

मला वाटलं, गणिताची बाई म्हणून माझ्याशी गणिताच्या भाषेत थट्टा करताहेत. मीही हसत म्हणाले, "मॅडम, टँजंट डझन्ट गो एनीव्हेअर. इट ओन्ली टचेस."

मग इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी शेजारणीकडे पाहिलं, शेजारीण खाली बघून हसली, आणि ते हसू टेबलाभोवती फिरत माझ्यापर्यंत आलं. मुख्याध्यापिका "अच्छा, व्हेरी गुड" म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. माझं काहीतरी चुकलं होतं एवढं कळलं. काय चुकलं ते कळलं नाही, आणि तिथं कुणाला विचारणार?

आम्ही तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा मंत्रालयात नोकरीला, एकुलती एक मुलगी नववीत. संध्याकाळी चहा पिताना मी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. तो म्हणाला, "असेल काहीतरी म्हणण्याची पद्धत. सोड ना." मुलगी जमिनीवर बसून वह्यांना कव्हरं घालत होती. ती उठली.

"मी मावशीला विचारून येते," म्हणाली, आणि मी नको म्हणेपर्यंत जिन्यावर तिच्या चपला वाजल्या.

बऱ्याच वेळानं परत आली. "आई, त्याचा अर्थ मूळ विषय सोडून भलतीकडेच जाणं. तू पंख्याकडे गेलीस ना, ते. पण मावशी म्हणाली, तुझ्या आईचंही बरोबर आहे. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ स्पर्श करणारी असाच आहे. इंग्रजीत मात्र ती निघून जाते."

"हसली का?"

"कोण?"

"तुझी मावशी."

"हो. पण छान हसली, आई. टीचर लोकांसारखी नाही."

शाळेतलं हसू मी दोन-चार दिवसांत विसरले असते. हे वरचं छान हसू मला काही केल्या विसरता येईना.

वरची मावशी म्हणजे आमच्या डोक्यावरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाई. मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. सरकारच्या एका प्रकाशन कार्यालयात इंग्रजीतून मराठी भाषांतराचं काम करायच्या. यजमानही सरकारी नोकरीत, दोन मुलगे पुण्यात होस्टेलवर. त्यांच्याकडे नाताळला करंज्या आणि चिवडा व्हायचा आणि पहिला डबा आमच्याकडे यायचा. भांडण काढायला जागाच नव्हती. मी त्यांना ताई म्हणत असे, त्या मला वहिनी म्हणत. मुलगी मात्र थेट मावशी म्हणायची, आणि 'अगं मावशी' असं तोंडभरून म्हणायची.

सुरुवात मीच केली होती. मुलीचे इंग्रजीचे निबंध कच्चे होते, म्हणून मीच तिला वर पाठवलं. आधी आठवड्यातून एकदा, मग दर दोन दिवसांनी, मग शाळेतून आली की दप्तर आमच्या घरात आणि मुलगी वर. मावशीला एका शब्दाचा अर्थ विचारला की त्या तो कधी सरळ सांगत नसत. शब्दावरून नगरच्या बेकरीवर जात, तिथून त्यांच्या वडिलांच्या सायकलवर, तिथून एका लंगड्या कुत्र्यावर, आणि तासाभरानं परत शब्दावर येत. मुलगी घरी येऊन ते सगळं मला सांगायची. मी ऐकताना भाजी चिरत असे आणि शेवटी विचारत असे, "पण अर्थ काय निघाला?" मग ती थकल्यासारखी माझ्याकडे बघायची.

माझी शिकवायची रीत वेगळी. प्रश्न आला, उत्तर दिलं, पुढचा प्रश्न. माझ्या हाताखालून गेलेली मुलं इंजिनिअर झाली आहेत. पण ती मुलं तास संपल्यावर माझ्याकडे रेंगाळली, असं मला आठवत नाही.

मला एकेक गोष्ट दिसायला लागली. मुलगी दुधाऐवजी कॉफी मागू लागली. वाक्याच्या सुरुवातीला 'ॲक्च्युअली' म्हणू लागली, तेही मावशीसारखं, मधे थोडं थांबून. एकदा तिच्या वहीवर सही करताना पाहिलं तर तिचं इंग्रजी 'जी' अक्षर बदललं होतं. खालचा फाटा लांब ओढून वर वळवलेला. असा 'जी' मी नाताळच्या डब्यावरच्या चिठ्ठीत पाहिला होता. सही करून वही परत दिली. पण त्या अक्षरानं मला जेवण गोड लागलं नाही. मूल आपलं, हात आपल्या वळणाचा, आणि अक्षर दुसरीचं.

उन्हाळ्यात सगळ्यांचे दरवाजे उघडे असायचे. कूलर बंद झाला की वरचं हसणं जिन्यातून खाली यायचं. एक मोठं, खर्जातलं आणि एक माझ्या मुलीचं. माझ्यासमोर ती तसं हसल्याचं मला आठवत नव्हतं. मी नवऱ्याला म्हणाले, "फार वेळ असते हो वर." तो म्हणाला, "बाहेर कुठं उनाडत नाही, हे बरं नाही का?" पुरुषांना यातलं काही कळत नाही असं मी म्हणणार नाही. त्याला कळत होतं. पण बायको एका सज्जन शेजारणीवर जळते आहे हे कबूल करून त्याला काय मिळणार होतं?

मग मीही प्रयत्न केला. शाळेत मोकळ्या तासाला इंग्रजी पेपर घेऊन बसायचे, शेजारी डिक्शनरी. गणितातले शब्द इंग्रजी लोकांनी बोलण्यात किती ठिकाणी पळवून नेले आहेत ते तेव्हा मला कळलं. 'फॅक्टर' म्हणजे नुसतं कारण. 'फ्रॅक्शन' म्हणजे थोडंसं. 'पॅरलल' म्हणजे साम्य. आमच्याकडे समांतर रेषा भेटत नाहीत म्हणून दुःखी असतात, त्यांच्याकडे त्या सारख्या असतात म्हणून शेजारी बसवतात. मी मनाशी टिपून ठेवायचे आणि जेवताना सहज टाकायचे. एकदा गॅसचा सिलिंडर येता येता राहिला, परत नंबर लावायची वेळ आली. मी पोळी वाढताना म्हणाले, "सो, वी आर बॅक टू स्क्वेअर रूट."

मुलगी घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "आई, स्क्वेअर वन असतं ते."

"वर्गमूळ का नाही? मुळाशी परत गेलो, असा अर्थ होतोच की."

"होतो, पण असं म्हणत नाहीत." तिला हसू आवरेना. जेवण झाल्यावर ती हात धुऊन वर गेली आणि थोड्या वेळानं कूलरच्या घरघरीतूनही मला ती दोन्ही हसणी ऐकू आली. पेपर घेऊन बसणं मी त्या आठवड्यात थांबवलं.

दहावीला गणितात वर्तुळाचा धडा आला. आता तरी ती माझ्याकडे येईल, असं मला वाटत होतं. आली, कारण चाचणीत तिला फार कमी मार्क पडले होते. मी कागदावर वर्तुळ काढलं, बाहेरून एक रेषा आणली, वर्तुळाला एका बिंदूत टेकवली. माझं शिक्षण सांगलीला मराठी शाळेत झालेलं. आमच्या बाईंनी 'स्पर्शिका' हा शब्द फळ्यावर लिहिला होता तेव्हा वर्गातल्या आम्हा मुलींना उगीच हसू आलं होतं. दिल्लीत वर्गात मी 'टँजंट' म्हणते, हिंदीत 'स्पर्श रेखा' म्हणते, पण स्वतःशी स्पर्शिकाच म्हणते. मी मुलीला म्हणाले, "बघ, ही नुसती स्पर्श करते. आत शिरत नाही. आणि जिथं टेकते तिथं त्रिज्येशी काटकोन करते. का, ते सिद्ध करू."

सिद्ध करून झालं. "समजलं?"

ती म्हणाली, "टँजंट गेलं."

मला वाटलं ती धड्याचं नाव घेतेय. "टँजंटच चाललंय. कळलं का?"

"नाही, आई, म्हणजे डोक्यावरून गेलं. काहीच कळलं नाही. असं म्हणतात मराठीत."

"कोण म्हणतं मराठीत? मी तर कधी ऐकलं नाही."

"पुण्याला सगळे म्हणतात. मावशीचे मुलगे म्हणतात. लेक्चर टँजंट गेलं, जोक टँजंट गेला. रेषा येते, डोक्याला जरा टच करते आणि जाते निघून." तिनं स्वतःच्या केसांवरून तळहात सपकन फिरवून दाखवला.

मी पेन खाली ठेवलं. शब्द माझ्या विषयातला. म्हणण्याची पद्धत माझ्या भाषेतली, माझ्या राज्यातली. इंग्रजी त्यांनी शिकवावं, तो व्यवहार होता. पण माझ्या मुलीला माझ्याच गणिताची मराठीतली गंमतसुद्धा वरूनच यावी, याचा मला इतका राग आला की मी तिला म्हणाले, "जा, मग त्यांच्याकडूनच शिक वर्तुळ."

ती वही मिटून खरंच वर गेली. तिला गणित शिकायचं नव्हतंच, तिला परवानगी हवी होती.

त्यानंतर काही दिवसांनी, थंडीतल्या एका रविवारी दुपारी, मावशी स्वतः खाली आल्या. दारातच म्हणाल्या, "वहिनी, माझं एक काम अडलंय. जरा वर येता का? तुमच्याशिवाय कुणाला विचारू कळेना."

मी हात पुसून गेले. त्यांच्या घरी मी एरवी डबा द्यायला-घ्यायला जायचे, बसले फारशी नव्हते. दिवाणावर पाय वर घेऊन माझी मुलगी बसली होती, मांडीवर शब्दकोश. आमच्या घरी ती अशी ऐसपैस बसत नसे. मला बघून तिनं पाय खाली घेतले. तेही मला लागलं.

मावशी मुलांसाठीच्या एका विज्ञानाच्या पुस्तिकेचं भाषांतर करत होत्या. त्यात एक वाक्य होतं. दोरीला बांधून फिरवलेला दगड सुटला की टँजंटवर जातो, आणि बोलणारी माणसंही कधी कधी तशीच जातात, अशा अर्थाचं. इंग्रजीत एकाच शब्दावर दोन्ही कामं भागली होती.

"स्पर्शिका लिहिलं तर दगडाचं भागतं, माणसांचं नाही," मावशी म्हणाल्या. "विषयांतर लिहिलं तर माणसांचं भागतं, दगडाचं नाही. आम्ही दोघी सकाळपासून बसलोय."

'आम्ही दोघी' मी ऐकलं आणि गिळलं. पण प्रश्न माझ्या विषयातला होता, आणि विषयाचा प्रश्न आला की मला गप्प राहता येत नाही. मी म्हणाले, "तुम्ही गोफण पाहिली आहे का?"

मावशी म्हणाल्या, "नगरची आहे मी, वहिनी."

मुलगी म्हणाली, "गोफण म्हणजे गुलेल ना?"

"नाही गं. गुलेल म्हणजे बेचकी. गोफण वेगळी." माझ्या आजोळी ज्वारी भरली की मचाणावर उभं राहून पाखरं हाकलायचे, ते तिला सांगितलं. दोरीच्या मध्यावर खड्यासाठी जागा, दोन्ही टोकं हातात, डोक्यावर गरगर फिरवायची आणि एक टोक सोडून द्यायचं. तिला चित्र डोळ्यासमोर येईना. मी मावशींकडे जुनी नाडी मागितली, तिच्या टोकाला टेबलावरचं मोठं खोडरबर घट्ट बांधलं आणि खोलीच्या मधोमध उभी राहून फिरवायला लागले.

"आत्ता रबर वर्तुळात फिरतंय. का? नाडी त्याला आत ओढतेय म्हणून. नाडी सोडली तर ते कुठं जाईल?"

"बाहेर," मुलगी म्हणाली. "सरळ बाहेरच्या बाजूला."

"नाही. जिथं सोडलं तिथल्या स्पर्शिकेवर जाईल. बघ."

मी सोडलं. रबर नाडीसकट बाल्कनीच्या उघड्या दारातून गेलं, कठड्यावरच्या वाळत घातलेल्या टॉवेलाला घासलं आणि खाली दिसेनासं झालं. खालून कुणाच्यातरी स्कूटरच्या सीटवर थप्प असा आवाज आला. मुलगी इतकी हसली की दिवाणावर आडवी झाली. माझ्याकडे बघून हसत होती. मग "मी आणते, मी आणते" म्हणत जिन्यानं खाली पळाली.

ती गेल्यावर मी मावशींना म्हणाले, "म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचंही खरं होतं. मी म्हणाले होते, टँजंट कुठं जात नाही. रेषा जात नाहीच. पण सुटलेला दगड तिच्यावरून जातो. इंग्रजांनी बहुतेक दगड पाहिला असेल, आम्ही रेषा पाहिली. दगड सुटला की..."

"काय म्हणालात?" मावशींनी मला थांबवलं.

"दगड सुटला की."

"माणूसही सुटतो की, वहिनी. बोलायला लागला की सुटतोच, म्हणतो ना आपण."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मावशींनी पेन उचललं आणि मी सांगत गेले, त्या बदलत गेल्या. शेवटी असं झालं: 'गोफणीतून सुटलेला दगड स्पर्शिकेच्या दिशेनं जातो, बोलता बोलता सुटलेली माणसंही अशीच कुठल्या कुठं जातात.' आम्ही नामाला अडून बसलो होतो आणि मराठीनं ते काम क्रियापदाकडे देऊन ठेवलं होतं.

मावशींनी पेनाचं टोपण लावलं. मग खिडकीकडे बघत, आवाज न बदलता म्हणाल्या, "ती माझ्याकडे इतकी येते, ते तुम्हाला आवडत नाही ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. शेजारधर्माला ते शोभलंही असतं. मी म्हणाले, "नाही आवडत."

"मलाही नसतं आवडलं." त्यांनी थोडा विचार केला. "पण मी तिला येऊ नको असं म्हणणार नाही. ते मला जमणार नाही. माझे दोघे लहानपणीही असे कधी माझ्यापाशी बसले नाहीत."

"तसं म्हणा, असं मी म्हणतही नाही," मी म्हणाले.

एवढ्यात मुलगी धापा टाकत वर आली. स्कूटरवाले काका रागावले नाहीत, असं सांगत होती. मावशींच्या आणि माझ्या त्या बोलण्यानं आमच्यात मैत्री झाली असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. उलट आता त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे जिन्यात गाठ पडली की मी जास्तच नीट बोलायचे.

पुस्तिका छापून आली तेव्हा मावशींनी आम्हा सगळ्यांना कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्य सरकारच्या अतिथिगृहात जेवायला नेलं. तिथं पिठलं-भाकरी चांगली मिळायची, आणि दिल्लीतली मराठी माणसं काही निमित्त काढून तिथं जायची. शेजारच्या टेबलावर मावशींच्या कार्यालयातले एक गृहस्थ भेटले. मुलीनं पर्समधून पुस्तिका काढली आणि त्यांना ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. "कसलं सही आहे ना, काका? मावशीचं आहे."

मी पिठलं कालवत राहिले. मावशी म्हणाल्या, "अर्धं तुझ्या आईचं आहे."

"खरंच?" मुलगी माझ्याकडे वळली. "कधी?"

"तू रबर आणायला गेली होतीस तेव्हा."

ती माझ्याकडे काही वेळ बघत राहिली, नव्यानं ओळख झाल्यासारखी. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण घरी परत येताना बसमध्ये माझ्या मनात एकच चाललं होतं, की अर्धंच का? गोफण माझी, रबर मी फिरवलं, सुटला हा शब्द माझ्या तोंडचा. आणि अर्धं तर अर्धं, तेही मावशींनी दिलं तेव्हा मिळालं.

दहावीचा निकाल लागला. गणितात बेताचे, इंग्रजीत भरघोस. मुलीनं जाहीर केलं की ती आर्ट्स घेणार आणि गणिताचं पुस्तक परत उघडणार नाही. मी सगळं करून पाहिलं. समजावलं, रागावले, दोन दिवस बोलले नाही. ओळखीच्या मुलींची उदाहरणं दिली. आर्ट्स घे हवं तर, पण पाचवा विषय गणित ठेव, एवढ्यावरही आले. ती म्हणायची, "नो, आई. बिल्कुल नाही."

मग एका संध्याकाळी वरून आली, पाणी प्यायली आणि ग्लास ठेवता ठेवता म्हणाली, "मी मॅथ्स ठेवते. आर्ट्सबरोबर."

मी कणीक मळत होते. "काय झालं?"

"मावशी म्हणाली, तुझं मन शब्दात आहे ते ठीक, पण गणित सोडलंस तर पुढे हळहळशील. ती अजून हळहळते म्हणाली."

"मी इतके दिवस दुसरं काय सांगत होते?"

"तू सांगत होतीस ते वेगळं."

"काय वेगळं?"

"तू गणिताचीच आहेस ना," ती म्हणाली. "तू तेच सांगणार."

नवरा घरी आल्यावर त्याला कळलं तेव्हा तो खूश झाला. "झालं ना तुझ्या मनासारखं?" झालं होतं. मागितलं तेच मिळालं होतं आणि माझ्या हातून मिळालं नव्हतं. त्या रात्रीच्या पोळ्या वातड झाल्या, असं तोच म्हणाला.

गणित ठेवल्यामुळे तिला पुढे अर्थशास्त्राला प्रवेश मिळाला. कॉलेजात गेल्यावर तिचं इंग्रजी माझ्या आवाक्याबाहेर गेलं. एकदा मी कौतुकानं विचारलं की तुमच्याकडे गणित बरंच लागत असेल, तर म्हणाली, "लागतं, पण माझ्या पेपरला ते टँजेन्शियल आहे." मी विचारलं, "म्हणजे भरकटवणारं?" "नाही, आई. म्हणजे कडेकडेनं. जरासं टच होणारं." मला तेव्हा त्या भाषेचं नवल वाटलं. त्याच शब्दानं एकदा दूर निघून जातात आणि एकदा जेमतेम टेकतात. अशा वेळी पूर्वी ती वर पळाली असती. पण त्याच वर्षी मावशींचे यजमान निवृत्त झाले आणि त्यांनी क्वार्टर सोडून नगरला जायचं ठरवलं.

सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मुलगी जिन्यात बसून रडली. लहान मुलीसारखी, नाक पुसत. मावशी तिच्या पाठीवर हात फिरवत उभ्या होत्या. मी त्यांच्यासाठी वाटेत खायला धपाटे आणि चटणी बांधून दिली. खरं सांगायचं तर बांधताना मी मनात हलकी झाले होते. वाटलं, आता वर जायला जागा नाही, मुलगी खालीच बसेल, माझ्याशी बोलेल.

ती खाली बसली नाही. ती कॉलेजात बसली, लायब्ररीत बसली, मैत्रिणींच्या घरी बसली. वर एक नवं कुटुंब आलं, त्यांच्या मिक्सरचा आवाज येई. रविवारी मुलगी नगरला फोन लावायची आणि तासभर बोलायची. मी त्या खोलीतून कपडे उचलायला, घडी करायला, उगीच काही शोधायला ये-जा करायचे.

आता आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेला राहतो. निवृत्तीनंतर सोसायटीत स्वतःचा फ्लॅट घेतला. मुलगी गुरुग्रामला असते, एका संस्थेत अर्थशास्त्राचं संशोधन करते. तिचा नवरा बंगाली. घरात सासूबाई आहेत, ती त्यांना माँ म्हणते, कोलकात्यातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि एक छोटी नात.

मागच्या हिवाळ्यात मावशी भाच्याच्या लग्नासाठी दिल्लीला आल्या. यजमान आता नाहीत. मुलगी म्हणाली, माझ्याकडे राहा. मावशी म्हणाल्या, वहिनींकडे राहते, मला लिफ्ट आणि मेट्रो दोन्ही जवळ हवं. मी खोली आवरली. मनात म्हटलं, बघू.

रविवारी मुलगी नातीला घेऊन आली. हातात मोठा डबा. "माँनी केलंय. शोर्षे माछ, मोहरीतले मासे. मावशी, तू खाऊनच बघ. आई, तू रस्सा तरी घे." मग जेवताना माँ काय म्हणाल्या, माँनी पडदे कसे शिवले, माँ हिला गोष्टी कशा सांगतात, एका गोष्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. मी मावशींकडे पाहिलं. त्या काटे काढत होत्या. नात मधेच म्हणाली, "जल दाओ." मी हिंदीतलं समजून ग्लास पुढे केला. मुलगी कौतुकानं म्हणाली, "बघा, बंगालीच येतं आधी तोंडात. माँचं क्रेडिट." आणि ती हसली. ते हसणं आम्हा दोघींच्या ओळखीचं होतं.

संध्याकाळी त्या दोघी गेल्या. माँ वाट बघत असतील म्हणून घाईनं गेल्या. मी दार लावलं, मावशी सोफ्यावर बसल्या.

"मासे बरे होते," मावशी म्हणाल्या.

"मला रस्सा खारट लागला."

"मोहरीही जास्त झाली होती."

"दोनदा घेतलात तुम्ही."

"ती वाढत होती, नाही कसं म्हणायचं?" त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "पडद्यांचं किती सांगत होती. पडदे काय, कुणीही शिवतं."

"कुणीही शिवतं," मी म्हणाले.

"वहिनी, बंगाली शिकवणारं कुणी आहे का तुमच्या सोसायटीत?"

"या वयात काय करायचंय?"

"मग त्या तिघींनी बोलायचं आणि आपण नुसतं ऐकायचं का?"

मी म्हणाले, चौथ्या मजल्यावर एक चक्रवर्ती बाई आहेत, उद्या विचारते. मग उरलेल्या माशांचा डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि आम्हा दोघींसाठी कॉफी करायला आत गेले.